गिधाडं, डायक्लोफेनॅक आणि डॉ. विभू प्रकाश यांचं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिधाडांवर बोलायला शाळा-कॉलेजांत किंवा गावांत गेलं की हेच प्रश्न येतात, आणि नंतर व्हॉट्सॲपवरही तेच येत राहतात. पशुवैद्यक विचारतात, एम.एस्सी.ची मुलं विचारतात, गोठा सांभाळणारे शेतकरी तर सगळ्यात नेमकं विचारतात. डायक्लोफेनॅक हे माणसांना आणि गुरांनाही दिलं गेलेलं दुखण्यावरचं औषध; ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. त्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे.

१. गिधाडं नेमकी कधी गेली? आणि किती?

१९९०च्या दशकात. भारतात 'जिप्स' वंशातल्या तीन जातींना सगळ्यात मोठा फटका बसला: पांढऱ्या पाठीचं गिधाड, लांब चोचीचं म्हणजे भारतीय गिधाड, आणि उत्तरेकडचं सडपातळ चोचीचं गिधाड. ठरलेल्या रस्त्यांवरून गाडीने जाऊन केलेल्या मोजण्यांची तुलना केली, तेव्हा १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झालेली आढळली. उरलेल्या दोन जाती मिळून जवळपास ९७ टक्के घटल्या होत्या. याचा अर्थ, आधी जिथे हजार पांढऱ्या पाठीची गिधाडं दिसत, तिथे एक उरलं.

'भारतात पूर्वी चार कोटी गिधाडं होती' हे वाक्य सगळीकडे फिरतं. तो अंदाज आहे, त्या काळी तशी कुणी देशभर मोजणी केली नव्हती. घटीची टक्केवारी मात्र प्रत्यक्ष मोजणीतून आलेली आहे. म्हणून भाषणात आकडा द्यायचाच असेल तर टक्केवारी द्या.

२. डॉ. विभू प्रकाश कोण? त्यांचं नाव नेहमी का येतं?

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे बीएनएचएसमध्ये अनेक वर्षं काम केलेले शास्त्रज्ञ. ही संस्था १८८३पासूनची. तिने १९८०च्या दशकात राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात दीर्घकाळ चालणारा अभ्यास हाती घेतला होता. विभू प्रकाश तिथे शिकारी पक्ष्यांवर काम करत होते. गरुड, ससाणे, घारी, गिधाडं कुठे राहतात, काय खातात, किती घरटी करतात, असं ते साधं, कष्टाचं नोंदकाम होतं. त्यावरच त्यांची पीएच.डी. झाली. त्या वर्षांत केवलादेवमध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या साडेतीनशेच्या आसपास जोड्या घरटी करत होत्या.

१९९६च्या सुमारास ते पुन्हा तिथे मोजायला गेले, तेव्हा घरटी निम्म्याहून कमी भरली. झाडांवर आणि झाडांखाली मेलेली गिधाडं सापडत होती. पुढच्या काही वर्षांत तिथली वीण जवळजवळ थांबलीच. १९९९ साली त्यांनी बीएनएचएसच्या जर्नलमध्ये या ऱ्हासावर शोधनिबंध लिहिला आणि मग जगाचं लक्ष तिकडे गेलं.

माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोलाचं काम १९८०च्या दशकातलं आहे. गिधाडं तेव्हा इतकी होती की ती मोजायची कुणाला गरज वाटत नव्हती. ती मोजून ठेवली, म्हणून दहा वर्षांनी 'गिधाडं कमी झाली' हे छातीठोकपणे सांगता आलं. ते आकडे नसते तर 'हल्ली फारशी दिसत नाहीत बुवा' यापलीकडे कुणी गेलं नसतं.

३. इकोटॉक्सिकॉलॉजी म्हणजे काय? साध्या विषशास्त्रापेक्षा यात वेगळं काय?

एखादं रसायन एका प्राण्याला किती मात्रेत मारतं, हा विषशास्त्राचा प्रश्न. ते रसायन निसर्गात कुठून येतं, कुणाच्या अन्नातून कुणाच्या पोटात जातं, आणि त्यामुळे एखाद्या जातीची संख्या घटते का, हे शोधणं म्हणजे इकोटॉक्सिकॉलॉजी. शेवटच्या भागासाठी परिसरशास्त्र यावं लागतं: वर्षाला किती पिल्लं होतात, किती प्रौढ मरतात, एक पक्षी किती वेळा खातो. गिधाडांच्या बाबतीत या दोन्ही बाजू कशा जुळल्या ते प्रश्न ५ आणि ७मध्ये आहे.

४. सुरुवातीला संशय कशावर होता?

रोगावर. आजारी गिधाडं मान खाली टाकून तासन्‌तास, कधी कित्येक दिवस, फांदीवर बसून राहायची आणि मग कोसळायची. एकाच वेळी इतक्या मोठ्या प्रदेशात मरतात म्हटल्यावर एखाद्या विषाणूची साथ असेल, हा तर्क स्वाभाविक होता. कीटकनाशकांचाही संशय होता. अन्न कमी पडतंय का, हेही पाहिलं गेलं, पण गावाबाहेर मेलेली जनावरं तशीच पडून होती, उलट जास्तच. उपासमार तेवढ्यावरच निकाली निघाली. विषाणूचा संशय मात्र बराच काळ राहिला.

५. डायक्लोफेनॅकच कारण आहे हे सिद्ध कसं झालं? नुसतं 'औषध वाढलं आणि गिधाडं कमी झाली' एवढंच आहे का?

नाही. आणि हा भाग मी दर वेळी सविस्तर सांगतो, कारण इथेच शास्त्र कसं चालतं ते दिसतं.

उलगडा पाकिस्तानातल्या पंजाबात झाला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि 'पेरेग्रिन फंड' या संस्थेचे सहकारी २०००पासून तिथे मेलेली गिधाडं गोळा करत होते. त्यांनी तपासलेल्या २५९ प्रौढ आणि जवळपास प्रौढ पक्ष्यांपैकी २१९ जणांना, म्हणजे ८५ टक्क्यांना, एकच गोष्ट झाली होती. पोट उघडलं की हृदय, यकृत, मूत्रपिंड यांवर पांढरा थर, चुना फासल्यासारखा. हे युरिक आम्लाचे स्फटिक. पक्ष्यांचं मूत्रपिंड बंद पडलं की युरिक आम्ल रक्तात साठतं आणि अवयवांवर बसतं. याला व्हिसरल गाउट म्हणतात.

मूत्रपिंड कशामुळे बंद पडलं? त्यांनी विषाणू शोधले, जिवाणू शोधले, शिसं-कॅडमियमसारखे जड धातू, कीटकनाशकं, सगळं तपासलं. काही सापडलं नाही. मग त्यांनी प्रश्न उलटा घेतला: गिधाड खातं काय? मेलेली गुरं. मग गुरांना असं कुठलं औषध देतात, जे तोंडावाटे पोटात गेलं तरी अंगात भिनतं आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं? पशुवैद्यकांकडे आणि औषधांच्या दुकानांत जाऊन त्यांनी हीच चौकशी केली. या वर्णनात बसणारं एकच औषध निघालं, डायक्लोफेनॅक.

त्यानंतर ऊतींची तपासणी झाली. गाउट झालेल्या २५ पक्ष्यांपैकी २५ जणांच्या मूत्रपिंडात डायक्लोफेनॅक होतं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकाच्याही नव्हतं. शेवटी, जखमांमुळे पुन्हा सोडता न येणाऱ्या बंदिस्त गिधाडांना औषध दिलं, आणि औषध टोचलेल्या जनावरांचं मांसही खाऊ घातलं. ती तशीच मेली, तोच पांढरा थर घेऊन. मात्रा जास्त तसं मरण्याचं प्रमाण जास्त. २००३च्या मे महिन्यात बुडापेस्टच्या परिषदेत हे जाहीर झालं, २००४ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. लगोलग भारत आणि नेपाळमधल्या मृत गिधाडांतही गाउट आणि डायक्लोफेनॅक यांची तीच जोडी सापडली.

लिंडसे ओक्स २०११ साली वारले. दक्षिण आशियातल्या गिधाडांवर त्यांचे मोठे उपकार आहेत.

६. डायक्लोफेनॅक तर मी पण घेतो, कंबर धरली की. मला काही होत नाही, गाईला काही होत नाही, मग गिधाडच का मरतं?

कारण आपण आणि गाय नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकतो. पक्षी तो युरिक आम्लाच्या रूपात टाकतात, आणि ते काम मूत्रपिंडाला सतत करावं लागतं. जिप्स गिधाडांच्या शरीरात डायक्लोफेनॅकमुळे नेमकं हेच काम बिघडतं. मरण साधारण दोन-तीन दिवसांत येतं.

सगळे पक्षी सारखे बळी पडतात असंही नाही. अमेरिकेतलं टर्की गिधाड प्रयोगांत बरीच मोठी मात्रा पचवून गेलं. ते नावाचंच गिधाड, आपल्या गिधाडांचं जवळचं नातेवाईक नाही. उलट बिकानेरजवळच्या जोरबीड इथे मेलेल्या स्टेप गरुडांमध्ये डायक्लोफेनॅक आणि गाउट दोन्ही आढळले. कुठल्या पक्ष्याला बाधेल हे नुसतं दिसण्यावरून किंवा नावावरून ठरत नाही.

७. माझ्या म्हशीला मागच्या महिन्यात हे इंजेक्शन दिलं होतं. ती आता मेली तर तिच्यामुळे गिधाडं मरतील का?

महिन्याभरापूर्वीचं असेल तर नाही. हे औषध जनावराच्या अंगातून काही दिवसांतच निघून जातं. धोका आहे तो इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांत मेलेल्या जनावराचा. आणि घडतं नेमकं तेच, कारण औषध दिलं जातं आजारी, मरणाला टेकलेल्या जनावराला.

पुढचा प्रश्न लगेच येतो: अशी जनावरं असून असून किती असणार? तेवढ्याने लाखो गिधाडं कशी मरतील? याचं उत्तर केंब्रिजचे ऱ्हीस ग्रीन, विभू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी २००४ साली गणिताने दिलं. मेलेल्या जनावरांपैकी फक्त ०.१३ ते ०.७५ टक्के जनावरांत घातक मात्रा असली, तरी गिधाडं ज्या वेगाने घटली तेवढी घट होते. म्हणजे सगळ्यात वाईट धरलं तरी साधारण एकशे तीस जनावरांत एखादं. एका मेलेल्या बैलावर पन्नास-शंभर गिधाडं उतरतात. गिधाड वर्षभर दर तीन-चार दिवसांनी नव्या जनावरावर बसतं, म्हणजे वर्षाला शंभराच्या आसपास वेळा. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू विणीला यायला पाच वर्षं लागतात. अशा पक्ष्यात प्रौढांचं मरण थोडं जरी वाढलं तरी पिढी भरून निघत नाही. नंतर प्रत्यक्ष गोळा केलेल्या हजारो नमुन्यांत, बंदीच्या आधी, सुमारे दहा टक्के मृत गुरांत डायक्लोफेनॅकचा अंश सापडला.

८. म्हणजे हे डीडीटीसारखंच झालं ना?

परिणाम सारखा, रस्ता वेगळा. डीडीटी हे कीटकनाशक चरबीत साठत जातं, अन्नसाखळीत वर वर चढतं, आणि त्यामुळे ससाण्यांची अंडी पातळ कवचाची होऊन उबवताना फुटत. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतली जुनी अंडी मोजून १९६७ साली हे दाखवलं. तिथेही जुन्या नोंदीच कामी आल्या. डायक्लोफेनॅक साठत नाही, चढत नाही, एका जेवणात मारतं. म्हणून 'हे औषध निसर्गात टिकत नाही, तेव्हा सुरक्षित आहे' हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

९. बंदी आली ना? कधी?

मे २००६मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचं उत्पादन थांबवण्याचा आदेश दिला. २००८ साली राजपत्रात बंदी पक्की झाली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही २००६मध्येच बंदी घातली.

१०. बंदी असूनही दुकानात कसं मिळतं?

माणसांसाठी ते कायदेशीर आहे, तिथेच पळवाट होती. माणसाला एका वेळी ३ मिलीची कुपी पुरते. पण बाजारात ३० मिलीच्या मोठ्या बाटल्या 'माणसांसाठी' म्हणून येत राहिल्या, आणि त्या जात होत्या गोठ्यात. बीएनएचएस आणि सहकाऱ्यांनी २००७ ते २०१० दरम्यान अकरा राज्यांतल्या अडीचशेहून जास्त दुकानांत 'गाय आजारी आहे, दुखण्यावर काही द्या' असं सांगून पाहिलं. ३६ टक्के ठिकाणी डायक्लोफेनॅक मिळालं.

त्या पाहणीच्या रेट्यातून जुलै २०१५मध्ये नियम आला: माणसांसाठीचं इंजेक्शन फक्त ३ मिलीच्या एकवेळच्या पॅकमध्ये. मोठ्या जनावराला त्यातल्या कितीतरी कुप्या फोडाव्या लागतात, म्हणून ते परवडत नाही. मला हा नियम मूळ बंदीइतकाच महत्त्वाचा वाटतो. कागदावरच्या बंदीपेक्षा बाटलीच्या आकाराने गोठ्यात जास्त फरक पडतो.

११. मग गाय लंगडली, दगडी झाली (कास सुजली), ताप आला तर द्यायचं काय? शेतकऱ्याने काय करायचं?

हा अगदी रास्त प्रश्न आहे, आणि शास्त्रज्ञांनी तो बंदीच्या आधीच हातात घेतला होता. मेलॉक्सिकॅम हे औषध आधी आफ्रिकेतल्या गिधाडांवर, मग भारतात आपल्या जातींवर तपासलं गेलं. प्रिटोरिया विद्यापीठाचे गेरी स्वान, बरेलीजवळच्या इज्जतनगरची पशुवैद्यकीय संशोधन संस्था आणि बीएनएचएस यांचं हे एकत्रित काम, २००६ साली प्रसिद्ध झालं. गिधाडांना अपाय झाला नाही. सूज, ताप, दुखणं यांवर ते गुरांना चालतं, आता स्वस्तही आहे. अलीकडे टोल्फेनॅमिक ॲसिडही गिधाडांना सुरक्षित असल्याचं आढळलं आहे. पशुवैद्यकाला सरळ सांगा, 'मेलॉक्सिकॅम चालत असेल तर तेच द्या.' मात्रा त्यांनीच ठरवायची.

१२. आमचे डॉक्टर डायक्लोफेनॅक देत नाहीत, एसिक्लोफेनॅक देतात. ते चालतं ना?

चालत नाही. एसिक्लोफेनॅक गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचंच डायक्लोफेनॅक होतं. किटोप्रोफेनही गुरांना देतात त्या मात्रेत गिधाडांना मारतं. या दोन्हींवर २०२३ साली जनावरांसाठी बंदी आली, नंतर निमेसुलाइडवरही. फ्लुनिक्सिन या अशाच आणखी एका औषधाबद्दलही गंभीर चिंता आहे.

इथली खरी अडचण अशी की एक औषध गेलं की त्याची जागा दुसरं घेतं, आणि त्याची गिधाडांवर चाचणी होईपर्यंत कित्येक वर्षं निघून जातात. जनावरांचं वेदनाशामक बाजारात येण्याआधीच ते गिधाडांसाठी तपासलं जावं, अशी मागणी यातूनच आली आहे. माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे.

१३. 'गिधाडं गेली म्हणून पाच लाख माणसं मेली' असं वाचलं. दुसरीकडे ४८ हजार लिहिलंय. खरं कुठलं?

दोन वेगळे अभ्यास, दोन वेगळे प्रश्न. २००८ सालच्या अभ्यासाने फक्त रेबीज धरला: मेलेली जनावरं खाऊन भटकी कुत्री वाढली, चावे वाढले, त्यातून १९९२ ते २००६ या काळात सुमारे ४८ हजार जास्तीचे मृत्यू. २०२४ साली एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी सगळ्या कारणांचे मृत्यू धरले. गिधाडांना पोषक असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांची त्यांनी तुलना केली. पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत मृत्यूदर चार टक्क्यांहून जास्त वाढला, त्यावरून २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू असा हिशेब आला. दोन्ही अंदाज आहेत, एकमेकांना खोडत नाहीत. मात्र हे दोन आकडे एकाच वाक्यात मिसळू नका.

१४. पिंजोरला पिंजऱ्यात गिधाडं वाढवतात, त्याचा उपयोग काय? सोडून का देत नाहीत?

हरियाणातल्या पिंजोरचं केंद्र विभू प्रकाश आणि निकिता प्रकाश यांनी सहकाऱ्यांसह उभं केलं. २००१च्या सुमारास ते आजारी गिधाडांची काळजी घेण्यासाठी सुरू झालं, नंतर प्रजनन केंद्र झालं. आसामात रानी आणि बंगालमध्ये राजाभातखावा इथेही केंद्रं आहेत. बाहेरचं विष थांबेपर्यंत या जाती नामशेष होऊ नयेत, हा हेतू. तिथे खायला दिल्या जाणाऱ्या बकऱ्या आधी किमान आठवडाभर वेगळ्या ठेवतात, म्हणजे त्यांना कुणी औषध दिलं असलं तरी ते निघून जावं. जोडीचं पहिलं अंडं काढून यंत्रात उबवलं तर ती पुन्हा अंडं घालू शकते, ही युक्तीही वापरतात.

सोडायला उशीर का, याचं उत्तर प्रश्न १० आणि १२मध्ये आहे. आसपासच्या गुरांत विष असेल तर सोडलेला पक्षी पहिल्याच महिन्यात जाईल. २०२०पासून पांढऱ्या पाठीची गिधाडं उपग्रह-टॅग लावून सोडायला सुरुवात झाली.

१५. महाराष्ट्रात कुठे उरली आहेत?

रायगडात म्हसळा तालुक्यातलं चिरगाव, नाशिकजवळ अंजनेरीचे कडे आणि गडचिरोली ही माहितीतली ठिकाणं. काही ठिकाणी वनविभाग आणि गावकरी मिळून घातक औषध नसलेली मेलेली जनावरं गिधाडांना खायला ठेवतात. २०२४ साली पिंजोरची काही गिधाडं ताडोबा आणि पेंचला आणली गेली. घरट्यांची नेमकी जागा मी कुणालाच कळवत नाही, कृपया मागू नका. विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मे, कॅमेरे घेऊन जवळ गेलं तर पक्षी घरटं सोडतात.

१६. मला यात करिअर करायचं आहे. प्राणीशास्त्र घेऊ की पशुवैद्यक?

कुठलंही घ्या, दुसऱ्या बाजूची भाषा शिका. या संशोधनात पशुवैद्यक, पक्षीअभ्यासक, रसायन तपासणारे आणि गणिती प्रतिमानं मांडणारे, सगळे लागले. प्राणीशास्त्र घेतलंत तर संख्याशास्त्र पक्कं करा आणि शवविच्छेदन एकदा तरी नीट बघा. पशुवैद्यक असाल तर पक्षी मोजायला जा. बीएनएचएस, देहरादूनची वन्यजीव संस्था आणि पक्ष्यांतल्या विषारी अंशांवर काम करणारी कोइम्बतूरची सालिम अली संस्था इथल्या प्रकल्पांवर लक्ष ठेवा. सुरुवातीच्या जागा बहुधा प्रकल्प सहायकाच्या असतात, मुदतीच्या आणि कमी पगाराच्या. घरच्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

१७. युरोपात तर हे औषध चालतं म्हणे. तिथे गिधाडं कशी मरत नाहीत?

स्पेनने २०१३ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली, तीही जगातली एक मोठी गिधाडवस्ती असलेल्या देशात. तिथे मेलेली जनावरं उचलण्याचे नियम कडक आहेत, एवढ्यावर भरवसा होता. २०२०मध्ये कॅटलोनियात एका काळ्या गिधाडाचं पिल्लू मेलेलं सापडलं, त्याच्या अंगात डायक्लोफेनॅक होतं आणि गाउटही. तेव्हा 'मरत नाहीत' असं म्हणता येत नाही.

१८. शेतात मेलेलं गिधाड सापडलं. काय करू?

हात लावू नका, पुरू नका, जाळू नका. सगळ्या गिधाडांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, त्यामुळे ते उचलून नेण्याचा अधिकार आपल्याला नाही. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. लगेच अशासाठी की उन्हात काही तासांत मूत्रपिंड कुजतं आणि मग गाउट होता की नाही हे सांगणं अवघड जातं. तोवर सावली करा, कुत्री लांब ठेवा, फोटो काढा. पायात कडी किंवा पाठीवर टॅग असेल तर त्यावरचा क्रमांक टिपून ठेवा. आणि गेल्या चार-पाच दिवसांत जवळपास कुणाचं जनावर मेलं का, त्याला कुठलं इंजेक्शन दिलं होतं, एवढं गावात विचारून वनरक्षकाला सांगा. रिकामी कुपी मिळाली तर तीही द्या.